ग्रोनेम पेर्लमुटरच्या पश्चात

आपण मेल्याची बातमी ग्रोनेम पेर्लमुटरला कळली, तेव्हा तो कमरेला टॉवेल गुंडाळून वाफेच्या हमामात सगळ्यात वरच्या बाकावर बसला होता. बुधवार दुपार पुरुषांची असे. खालच्या बाकापेक्षा वरच्या बाकावर उष्णता वीसेक अंशांनी जास्त असते, आणि तिथे बसणाऱ्याला खालचे लोक थोडा मान देतात. ग्रोनेमला आयुष्यात आणखी कुठे वरची जागा मिळाली नव्हती, त्यामुळे बुधवार तो चुकवत नसे. बातमी आणली बुनेम त्सिर्लिनने. बुनेम ओझेरीत्स गावकरी मंडळाचा चिटणीस. ओझेरीत्स हे गाव आता पोलंडच्या नकाशावर नावापुरतं उरलं होतं, पण मॉन्ट्रियलमध्ये त्याचं मंडळ होतं, मंडळाला शिक्का होता, आणि शिक्क्याला बुनेम होता. तो उघडाबंब, डोक्यावर ओली टोपी, एका हातात ओकच्या पानांची जुडी आणि दुसऱ्या हातात एक पत्र घेऊन पायऱ्या चढत वर आला. ग्रोनेमच्या शेजारी बसला, जुडीने त्याच्या पाठीवर दोन सणसणीत फटके मारले आणि म्हणाला, “अभिनंदन, लेका. तू वारलास.”

“कधी?” ग्रोनेमने विचारलं. प्रश्न आपल्याला इतका सहज कसा सुचला, याचं त्याला नंतर बराच वेळ आश्चर्य वाटत राहिलं.

“जानेवारीत. शिडीवरून पडून.”

पत्र टोरांटोहून आलं होतं, ग्रोनेमच्या बहिणीकडून, फ्रेयडलकडून, मंडळाच्या नावाने. ग्रोनेमने हात पुढे केला, पण बुनेमने पत्र वाफेपासून वाचवण्यासाठी टोपीखाली धरलं होतं आणि ते सोडायची त्याची तयारी नव्हती. त्याने घसा साफ करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खालच्या बाकांवरचे सहा-सात लोक माना वर करून ऐकू लागले. “‘माझा भाऊ ग्रोनेम, त्याला स्वर्ग लाभो, मोठा कलावंत होता. मायाळू होता. कोणाला कधी वाकडा शब्द बोलला नाही.’ इथे मला शंका आली,” बुनेम थांबून म्हणाला, “की हा दुसराच कोणीतरी ग्रोनेम असावा.” खालून हसणं आलं. पुढे फ्रेयडलने लिहिलं होतं की तिच्याच घरी राहणाऱ्या मुलीला तीन आठवड्यांपूर्वी मुलगा झाला, आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, आणि त्याचं नाव त्याच्या थोर मामाआजोबांवरून ग्रोनेम ठेवलं. कागदोपत्री ग्रेगरी, पण खरं नाव ग्रोनेम. तरी मंडळाने कृपा करून भावाच्या थडग्याचा एक फोटो पाठवावा, आणि त्याच्या खोलीत एखादं चित्र उरलं असेल तर बाळाच्या पाळण्यावर टांगायला तेही पाठवावं. लहान असलं तरी चालेल. फक्त जिना नको. एवढ्यात शाई विरघळू लागली. जांभळे ओघळ बुनेमच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेले, आणि शेवटच्या ओळीतलं ‘तुमची दुःखी’ एवढंच शिल्लक राहिलं.

घोटाळा कसा झाला हे बुनेमनेच उलगडून सांगितलं. असल्या गोष्टींत त्याचं डोकं फार चाले. यिदिश भाषेत भिंतीला चुना फासणारा तो मोलेर, आणि कॅनव्हासवर चित्र काढणारा तोही मोलेरच. भाषा गरिबांची, एका शब्दात दोन धंदे भागवते. जानेवारीत गेदाल्या पेर्लमुटर नावाचा रंगारी एका पिठाच्या कोठाराचं छत रंगवताना पडून गेला होता, आणि वर्तमानपत्रात आलं होतं: ‘ग. पेर्लमुटर, मोलेर, मॉन्ट्रियल.’ टोरांटोत बसून फ्रेयडलने तेवढंच वाचलं. “एक पत्र टाकून विचारायचं तरी,” बुनेम म्हणाला, “पण विचारणार कोणाला? तुला? चौदा वर्षांत तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. जो बोलत नाही तो जिवंत आहे की मेला, हे कळायचं कसं?” उकाड्याने ग्रोनेमची छाती धडधडत होती आणि ती धडधड त्याला, वैज्ञानिक कुतूहल म्हणावं अशा भावनेने, मोजावीशी वाटत होती. खालून कोणीतरी ओरडलं, “पेर्लमुटर, मेल्यावर घाम येतो का रे?” आणि मग आणखी एक आवाज आला, म्हातारा, गंभीर: “हसू नका. जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवलंय. हे बरं नाही.” आणि कोणीतरी तापलेल्या दगडांवर आणखी पाणी ओतलं.

बाहेर एप्रिलचा बर्फ वितळून रस्त्यांवर काळा चिखल झाला होता. ग्रोनेम सेंट लॉरेन्स रस्त्याने घराकडे निघाला आणि चालता चालता त्याने मेलेला असण्याचा सराव करून पाहिला. ते अवघड नव्हतं. खारवलेल्या माशांच्या पिंपांजवळ उभी असलेली बाई त्याच्याकडे न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडत होती. बेकरीवाल्याने त्याच्या हातात दोन बेगल ठेवले आणि तोंडाने तो हॉकीच्या सामन्याबद्दल तिसऱ्याशीच बोलत राहिला. चौसष्ट वर्षांचा, एकटा, कोपरांवर रंगाचे डाग असलेला माणूस रस्त्यातून वजा केला तर रस्त्यात काय फरक पडतो, हे त्याने प्रामाणिकपणे तपासलं, आणि उत्तर असं आलं की दोन बेगल जास्त उरतात. पण पत्रातली ती वाक्यं! मोठा कलावंत. मायाळू. फ्रेयडलच्या तोंडून. जिवंतपणी फ्रेयडल त्याच्याबद्दल जे बोलायची त्यातला सगळ्यात सौम्य शब्द ‘लाकूड’ हा होता. तिच्या लग्नात त्याने तिचं चित्र भेट दिलं होतं, खिडकीतला उजेड गालावर घेतलेलं, आणि नवरदेव मेंडेलने ते बघून हळूच विचारलं होतं, “हिला काविळीचा इतिहास आहे का? आधी सांगायला हवं होतं.” हिरवा होता तो, पिवळा नव्हता. सावलीतला हिरवा. त्या हिरव्यासाठी ग्रोनेम सहा आठवडे झगडला होता. आणि आता तोच ग्रोनेम, फक्त मरण्याचा एक उपचार पार पाडल्यावर, मोठा कलावंत झाला होता. ही बढती कोणत्याही संग्रहालयाने दिली नव्हती. एका संग्रहालयाने एकोणीसशे अडतीस साली त्याचं एक चित्र तीन आठवडे लावलं होतं, कोट ठेवायच्या खोलीशेजारी, आणि लोक चौकटीच्या कोपऱ्यावर छत्र्या अडकवायचे. समीक्षकाने त्याच्याबद्दल एकच विशेषण वापरलं होतं: ‘प्रामाणिक’. ग्रोनेमने ते कात्रण अजून जपून ठेवलं होतं, आणि अजून त्याला त्या शब्दाचा राग येत होता.

सेंट डॉमिनिक रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. तिथे पोचायला बाहेरून एक वळणदार लोखंडी जिना चढावा लागे, आणि तो जिना ग्रोनेमच्या कारकिर्दीचा मुख्य विषय होता. या शहरातली घरं जिने पोटात ठेवत नाहीत, अंगाबाहेर टाकतात, आणि हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ साचतो. एकतीस वर्षं ग्रोनेम ते जिने काढत होता. बर्फातले, पावसातले, एका पायरीवर दुधाची बाटली असलेले. माणसं नाहीत. ‘माणसं कुठे गेली?’ असं मंगळवारच्या त्याच्या वर्गातल्या बायका विचारत, आणि तो म्हणे, ‘वर गेलीत.’ आज दार उघडून तो आत आला आणि त्याने भिंतीला टेकवलेल्या चित्रांकडे एका दिवंगत माणसाची चित्रं म्हणून पाहिलं. ती चांगली होती! कोपऱ्यातलं ते निळसर, जे तो दोन वर्षं फाडून टाकणार होता, त्यात आता एक प्रकारचा शेवटचेपणा आला होता. यात आता सुधारणा शक्य नाही, ग्रोनेमला वाटलं, आणि खांद्यांवरून कोणीतरी ओझं उतरवल्यासारखं झालं. मेलेला माणूस चित्र पूर्ण करत नाही. त्याची चित्रं आपोआप पूर्ण असतात. तो बराच वेळ, ओल्या केसांनी, बेगल चावत, स्वतःच्या पश्चात उभा राहिला. मग त्याला दिसलं की तिसऱ्या पायरीखालची सावली जरा जास्तच उबदार झालीय. त्याने तिकडे दुर्लक्ष केलं. बेगल संपवला. परत पाहिलं. आणि शेवटी, स्वतःला शिव्या देत, त्याने चिमूटभर हिरवा रंग मिसळायच्या पत्र्यावर काढला आणि ती सावली थंड केली. म्हणजे मरणं इतकं सोपं नव्हतं.

आणि ते पोर. कोट न काढता तो पलंगावर बसला आणि टोरांटोतल्या त्या तीन आठवड्यांच्या ग्रोनेमचा विचार करू लागला. त्यांच्यात, ज्यू लोकांत, मुलांना मेलेल्यांचीच नावं ठेवतात. कारण सांगायला कोणी बसत नाही, पण कारण सगळ्यांना माहीत असतं: मृत्यूचा दूत नावावर काम करतो. त्याच्या हातात नाव लिहिलेला कागद असतो. एकाच घराण्यात एका नावाचे दोन जिवंत सापडले तर तो कोणाला उचलेल याचा भरवसा नाही. ग्रोनेमचा दूतांवर विश्वास नव्हता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ओझेरीत्सच्या पुलावर उभं राहून, त्याने देव, दूत आणि खारवलेली काकडी या तिन्ही गोष्टी सोडल्याचं मित्रांपुढे जाहीर केलं होतं, आणि त्यातली फक्त काकडी पुन्हा धरली होती. पण कारकुनांवर त्याचा पूर्ण विश्वास होता. एकोणीसशे तेवीस साली बोटीवरून उतरल्यावर टेबलामागच्या एका कारकुनाने त्याचं नाव विचारलं, मान वर न करता ऐकलं, आणि कागदावर लिहिलं: ग्रूम. इंग्रजीत त्याचा अर्थ नवरदेव, हे त्याला चार महिन्यांनी कळलं. दोन वर्षं त्याच्या सगळ्या कागदांवर तो नवरदेव होता. लग्न तर त्याचं पुढेही कधी झालं नाही. एका साध्या मानवी कारकुनाने, भरदिवसा, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत अशी चूक केली, तर हजारो वर्षं पाळी बदलून न मिळालेला तो थकलेला कारकून काय करेल? चौसष्ट वर्षांचा, छाती धडधडणारा, रोज जिना चढणारा एक ग्रोनेम. तीन आठवड्यांचा, जेमतेम चार किलोचा एक ग्रोनेम. उचलायला हलका कोण?

सरळ उपाय एकच होता: फ्रेयडलला कळवायचं. पण कळवायचं म्हणजे काय? मी जिवंत आहे, म्हणजे मी मोठा कलावंत नाही, मायाळू नाही, मी तोच आहे, सत्तेचाळीस सालचा. आणि सत्तेचाळीस साल आठवलं की ग्रोनेमला खोलीतली हवा कमी झाल्यासारखी वाटे. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. ओझेरीत्समध्ये कोणी उरलं नव्हतं, आई उरली नव्हती, घर उरलं नव्हतं, आणि आईचा एकही फोटो नव्हता; आई एकदाच फोटो काढायला गेली होती आणि ऐन वेळी तिने शिंकून तो बिघडवला होता. फ्रेयडल टोरांटोहून गाडीने आली, मांडीवर पर्स घट्ट धरून याच पलंगावर बसली आणि म्हणाली, “आईचं चित्र काढ. तू चित्रकार आहेस ना? मग काढ.” त्याने तीन महिने मागितले. हात पिठात कोपरापर्यंत बुडालेले, ते आले. दोरा दाताने तोडायची लकब आली. मानेवरचा तीळ, नेमका कानाखाली दोन बोटं, तो आला. डोक्यावरचा रुमाल तर सुरकुतीसकट आला. पण रुमालाच्या आत, जिथे चेहरा असायला हवा, तिथे उजेड पडलेल्या भिंतीसारखी मोकळी जागा होती. चेहरा हा अतिशय काटेकोर प्रकार आहे. पापणी केसभर खाली आली तरी माणूस बदलतो. ग्रोनेमचा हात डोळ्यांपाशी पोचला की अडखळायचा आणि मग त्याला ठाऊक असलेल्या वाटेने निघून जायचा. अकरा वेळा त्याने काढलं, आणि अकराही वेळा कॅनव्हासवरून रुमाल बांधलेली फ्रेयडल त्याच्याकडे बघत होती. ती परत आली, तिने अकरा चित्रं एका ओळीत पाहिली, सावकाश, दुकानात कापड बघावं तशी. “ही मी आहे,” ती म्हणाली. “मला म्हातारी करून ठेवलंयस. आई कुठेय?” आणि ग्रोनेम, ज्याला त्या क्षणी फक्त तीन शब्द बोलायचे होते, तो छाती काढून म्हणाला, “कला म्हणजे पासपोर्टचा फोटो नव्हे, फ्रेयडल.” असलं वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं आणि ते त्याला उच्चारतानाच आवडलं नव्हतं. तिने पर्स उचलली. जिन्यावर तिच्या टाचांचा आवाज होत गेला, खाली, आणखी खाली. सत्तेचाळीसनंतरच्या त्याच्या जिन्यांत तो आवाज आहे, असं कुठल्याही समीक्षकाने लिहिलं नाही.

तेव्हा जिवंत होणं म्हणजे त्या वाक्यापाशी परत जाणं. मेलेलं राहिलं तर क्षमा होती, पाळण्यावर चित्र होतं, आणि फ्रेयडलच्या तोंडून मोठा कलावंत होता. पहाटे डोळे उघडताच ग्रोनेमला एक तिसरा मार्ग दिसला, आणि तो त्याला इतका सुबक वाटला की त्याने मोजे उलटे घातले. अडचण ही होती की एका नावाचे दोघे आहेत. पोराचं नाव बदलायचं तर फ्रेयडलला सांगावं लागेल. पण दुसऱ्या ग्रोनेमचं नाव बदललं तर? माणूस फार आजारी पडला की त्याचं नाव बदलायची पद्धत त्यांच्यात होतीच. दूत दाराशी येतो, विचारतो, आतले म्हणतात या नावाचं इथे कोणी नाही, दूत गोंधळून परत जातो. ग्रोनेमने नाव सोडलं की जगात त्या घराण्यात एकच ग्रोनेम राहील. पोर सुखरूप. फ्रेयडलला पत्ता नाही. आणि कलावंत मेलेलाच. गुरुवार होता; गुरुवारी सकाळी प्रार्थनेला पोथी उघडतात आणि दहा पुरुष जमतात. त्याने टोपी घातली आणि कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या सिनेगॉगकडे निघाला, जिथे त्याने बावीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

तिथला धर्मगुरू रेब लेझर नाकावर चष्मा ठेवून चहा पीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. “आजार काय आहे?” त्याने विचारलं.

“आजार नाही. मी मेलोय.”

“मेलेल्यांचं नाव आम्ही बदलत नाही. त्यांचं दगडावर कोरलेलं असतं, खाडाखोड होत नाही.”

ग्रोनेमने पुन्हा सांगितलं. या वेळी बुनेम त्सिर्लिन, जो गुरुवारी न चुकता येई, मध्ये मध्ये तपशील भरत गेला, आणि सांगून संपेपर्यंत रेब लेझरने तीनदा चष्मा पुसला. करण्यासारखं आहे, तो म्हणाला. दहा माणसं लागतील. माणसं मोजली गेली. बोटाने मोजणं अशुभ, म्हणून एका श्लोकाचे शब्द एकेका डोक्यावर ठेवत रेब लेझरने मोजलं आणि श्लोक नवव्या डोक्यावर अडला. दहावं डोकं ग्रोनेमचं होतं. “थांबा,” बुनेम म्हणाला. “माझ्याकडे मंडळाच्या नावाने लेखी पत्र आहे की हा वारला. चिटणीस म्हणून मला ते डावलता येत नाही. मग हे नऊच.” यावर वाद झाला. एक शिंपी म्हणाला की पत्रातली शाई पुसली गेलीय, तेव्हा पुरावा उरत नाही. दुसरा म्हणाला, पुरावा पुसला तरी मृत्यू पुसला जात नाही. तिसरा म्हणाला, दुकान उघडायचंय. शेवटी ग्रोनेमला हमामातल्या ओल्या केसांचा खोकला आला, चांगला लांबलचक, आणि तो थांबल्यावर रेब लेझर म्हणाला, “मेलेला माणूस इतका खोकत नाही. मोजणीत धरा त्याला.”

नवं नाव पोथी उघडून जे निघेल ते. पहिल्यांदा उघडली, एसाव निघाला; सगळ्यांनी माना हलवल्या, भावाशी वैर धरणारा. “त्याला जुनंच नाव बरं मग,” बुनेम पुटपुटला. दुसऱ्यांदा लाबान निघाला, तो ठग. तिसऱ्यांदा रेब लेझरचं बोट मेसुशेलेखवर थांबलं, जो नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला आणि त्याशिवाय ज्याने काहीही केल्याचं लिहिलेलं नाही. “उत्तम,” रेब लेझर म्हणाला. ग्रोनेमने चाळीस वर्षांच्या चित्रांखाली केलेल्या सह्यांचा विचार केला, मग पाळण्याचा केला, आणि मान डोलावली. “आईचं नाव?” रेब लेझरने विचारलं, असल्या प्रार्थनेत बापाचं नाव चालत नाही, आईचं लागतं. “शेव्हा-लेया,” ग्रोनेम म्हणाला. किती वर्षांनी त्याने ते मोठ्याने म्हटलं होतं! नाव सबंध आलं, त्यातला एकही स्वर हरवला नव्हता, आणि ते तोंडात असेपर्यंत काहीतरी जवळ आल्यासारखं, बाजूला बसल्यासारखं वाटलं. तो डोळे मिटून थांबला, पण रुमालाच्या आत पुन्हा तोच उजेड. दहा माणसांनी पुटपुटत त्याला शेव्हा-लेयाचा मुलगा मेसुशेलेख केलं. व्होडकाचे इवलेसे पेले आले. सगळे त्याला “शतायुषी हो” म्हणाले आणि मग हिशेब लक्षात येऊन हसले.

“बहिणीला सांगितलंस का?” रेब लेझरने पेला ठेवत विचारलं.

“आता गरज काय? दूताला कळलं.”

“वा! दूताला कळवलं, बहिणीला नाही. अरे, दूत समजूतदार असतो. त्याला एकदा नाही म्हटलं की तो जातो. आणि ती बाई दर वर्षी जानेवारीत तुझ्या नावाने दिवा लावणार. जिवंत माणसाचा दिवा! बावीस वर्षं इथे आला नाहीस, म्हणून एवढंही आठवत नाही का? हे नाव बदललं, हा निम्मा उपाय. उरलेला निम्मा टोरांटोत आहे.”

टेलिफोन घरमालकीण मादाम ब्रुसोच्या बोळात होता, भिंतीला, क्रूसाखाली. ग्रोनेमने टोरांटो मागितलं आणि लांबच्या तारांची घरघर ऐकत उभा राहिला. त्याने वाक्य तयार केलं होतं. घंटी वाजली, पलीकडे उचलला गेला, आणि चौदा वर्षांपूर्वीचा आवाज, जरासा जाड झालेला, म्हणाला, “हॅलो? कोण?”

इथे वाक्य मोडलं. ग्रोनेम म्हणायचं? तासाभरापूर्वी दहा माणसांसमोर सोडलेलं नाव? आणि तेही त्याच घरात, जिथे ते पोर झोपलंय? “मेसुशेलेख,” तो म्हणाला.

“राँग नंबर,” फ्रेयडल म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मादाम ब्रुसो दाराच्या फटीतून बघत होती. त्याने पुन्हा टोरांटो मागितलं. या वेळी घाईने म्हणाला, “ठेवू नकोस. फ्रेयडल. तुझा भाऊ बोलतोय.”

तारा घरघरत राहिल्या. मग अगदी हळू, घाबरलेल्या आणि तरीही चौकस आवाजात तिने विचारलं, “कुठून बोलतोयस?”

“सेंट डॉमिनिक रस्त्यावरून.”

“अजून तिथेच?” ती म्हणाली. आणि मग तिला समजलं. ते ग्रोनेमला स्पष्ट ऐकू आलं, जसं भांडं उकळी फुटायच्या आधी एक क्षण गप्प होतं तसं. “मेल्या!” ती ओरडली. “म्हणजे तू मेला नाहीस? मी सात दिवस सुतक धरून जमिनीवर बसले तुझ्यासाठी! गुडघे कामातून गेले. रीतीप्रमाणे ब्लाउज फाडला, जुना नाही, नवा! लोक येत होते, मी सगळ्यांपुढे रडत होते, आणि तू काय करत होतास?”

“जानेवारीत? जिना काढत होतो,” ग्रोनेम म्हणाला. आणि त्याला राहवलं नाही. “किती लोक आले होते?”

“घर भरलं होतं.”

“खरंच? चित्रांबद्दल कोणी काही बोललं?”

“मेंडेल म्हणाला, जिने छान काढायचा.”

मेंडेल असं म्हणाला, हे ग्रोनेमला पुरेसं होतं. आता तो खरोखर मरू शकला असता. पण फ्रेयडलचं संपलं नव्हतं. पोराच्या नावाचं काय, असं ती विचारत होती, आणि त्याने नाव बदलल्याचं सांगितलं, पोथीचं, दहा माणसांचं, मेसुशेलेखचं, आणि ती म्हणाली, “म्हणजे ते तू होतास मघाशी? देवा! मला वाटलं कोणी वर्गणी मागतोय.” तारांमध्ये पाचशे किलोमीटर बर्फ वितळत होता. “चौदा वर्षं,” ती म्हणाली, आता आवाज खाली आला होता. “एक अक्षर नाही. मी चार शब्द रागाने बोलले असेन. तू कलावंत, तू तरी बोलायचंस ना?”

ग्रोनेम भिंतीच्या कागदावरची फुलं बघत होता. लाल, चुकीचा लाल, पण फुलं एकाआड एक बरोबर बसवलेली. “ते पासपोर्टचं जे बोललो,” तो म्हणाला, “ते उगीच होतं, फ्रेयडल. कलाबिला काही नव्हतं त्यात. मला आईचा चेहरा आठवत नव्हता. आठवत नाही. रुमाल आठवतो, तीळ आठवतो. चेहरा नाही.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“मला तरी कुठे आठवतो?” फ्रेयडल म्हणाली. “म्हणून तर तुझ्याकडे आले होते. म्हटलं, हा चित्रकार, याच्याकडे असेल ठेवलेला. आणि तू अकराच्या अकरा वेळा मला काढून ठेवलंस. मला कळलं तेव्हाच. म्हटलं, संपलं, आता कोणाकडेच नाही. आणि तुझ्यावर ओरडले.”

बोळात मादाम ब्रुसोच्या सूपचा, कोबीचा वास येत होता. ग्रोनेमने नाक ओढलं, एकदा, दोनदा, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो मघापासून रडतोय, तोंड उघडं टाकून, मोठ्याने, जसा तो ओझेरीत्स सोडल्यापासून रडला नव्हता. आणि थांबायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. पलीकडे, टोरांटोत, त्या आवाजाने की कशाने कोण जाणे, पाळण्यातलं पोर जागं झालं आणि त्यानेही भोकाड पसरलं. फोनच्या दोन टोकांना दोघांचा सूर लागला.

“ग्रोनेम!” फ्रेयडलने खणखणीत आवाज चढवला. “गप्प! किती रडायचं ते! पुरे आता!”

मेसुशेलेख पेर्लमुटर तत्क्षणी गप्प झाला. तिकडे टोरांटोत मात्र रडणं चालूच राहिलं.